खांबावरची टोपी

फोनवर बाबा एवढेच म्हणाले होते, "यंदा टोपी धरायला कोणी नाही." इतर माणसे ज्याला विनवणी म्हणतात, ती आमच्या घरात अशी तक्रारीसारखी येते आणि लगेच फोन ठेवला जातो. मी शनिवारी पहाटेच ड्युनेडिनहून निघाले. क्रॉमवेलच्या अलीकडे दरीच्या शेवटच्या वळणावर सरोवराचे निळे पाते चमकले, आणि माझ्या पोटात ती जुनी थंडी उतरली. लहानपणी सप्टेंबर लागला, आमच्याकडचा वसंत सुरू झाला, की ती उतरायची. पिसा डोंगररांगेवर बर्फ, खाली जर्दाळूला फुले, आणि या दोहोंच्या मधोमध डोंगराच्या कुशीत ते काळे भोक. बाकीच्या मुलांचा वसंत फुलांनी सुरू व्हायचा, माझा त्या भोकापासून.

बॅनॉकबर्नच्या वरचा आमचा पाट सोने शोधणाऱ्यांनी खणला. पाण्याच्या माऱ्याने त्यांनी डोंगर सोलून काढले. माती वाहून गेली, सोने गेले, मागोमाग माणसेही गेली. उरले ते पिवळे, उघडे कडे. कुणीतरी अर्धवट सोडून दिलेल्या वाक्यांसारखे. आणि उरला हा पाट. माझ्या खापरपणजोबांच्या हाताला सोने फारसे लागले नाही, पण त्यांनी पाणी सोडले नाही. त्या पाण्यावर जर्दाळूची कलमे लावली, आणि तेव्हापासून आम्ही मक्रे मंडळी फळे खात, फळे विकत, दरवर्षी त्या पाण्याचे ऋण फेडत आलो.

ते फेडण्याची रीत अशी. हिवाळ्यात पाट कोरडा असतो. वाटेत तो डोंगराच्या पोटातून, एका बोगद्यातून जातो. वसंतात पाणी सोडण्याआधी कुणीतरी तो बोगदा चालून पाहायचा: छत ढासळले आहे का, मेंढी मरून पडली आहे का, काटेरी झुडूप अडकले आहे का. वरच्या तोंडातून आत शिरायचे, खालच्या तोंडातून बाहेर यायचे. बाहेर त्याची वाट पाहणाऱ्याच्या हातात लाल लोकरीची टोपी असते. माणूस सुखरूप बाहेर आला की ती टोपी तोंडाजवळच्या खांबावर चढवायची. पाटकरी पलीकडे, ओढ्याच्या बांधावर, लोखंडी दारापाशी बसलेला. त्याला बोगद्याचे तोंड दिसत नाही. टेकाडावरचा खांब तेवढा दिसतो. टोपी चढली की त्याने दार उचलायचे. आणि टोपी बोगद्यात न्यायची नाही, काही झाले तरी नाही. आत गेलेली टोपी आतच राहिली, तर बाहेरचा माणूस खूण कशाने करणार?

मी लहान असताना या दिवशी नऊ बागांची माणसे त्या खांबाभोवती जमत. स्कोनचे गोड पाव, मुरंबे, किटलीतला चहा; टोपी धरण्यासाठी मुलांची भांडणे. मग एकेक बाग विकली गेली आणि तिथे द्राक्षमळे आले. द्राक्षांना सरोवरातून पंपाने पाणी येते, काळ्या नळ्यांतून थेंब थेंब. खाणकामगारांच्या जुन्या दगडी झोपड्यांशेजारी आता पाहुणे उंच पेल्यांतून लाल वाइन चाखतात आणि कड्यांची छायाचित्रे काढतात. पाटावर उरले दोघेच: आम्ही, आणि क्लेम हॅनरन, जो पाटकरीही होता.

"छोटी गाडी मिळते आता, बाबा. कॅमेरा बसवलेली," ट्रकमध्ये बसल्यावर मी म्हटले. "आत सोडायची, बाहेर बसून बघायचं."

"मिळते ना. आणि ती आत अडकली की तिला काढायला कोण जाणार? मीच."

"तुझा गुडघा बघ जरा."

"गुडघा माझा आहे. त्याला कुणी मत विचारलेलं नाही."

"क्लेमकडे निदान फोन तरी ठेव."

"डोंगराआड रेंज कुठंय? टोपीला रेंज लागत नाही, पोरी. बॅटरीसुद्धा लागत नाही."

चढावर त्यांनी एकाएकी ट्रक थांबवला. वाटेवर लहान मुलाचा लोकरी हातमोजा पडला होता. त्या दुखऱ्या गुडघ्यानिशी ते खाली उतरले, मोजा उचलला, मांडीवर झटकला आणि कुंपणाच्या खांबावर नीट चढवला, तळहात रस्त्याकडे. आमच्या भागात सगळेच असे करतात. त्या रस्त्याने गेले की खांबाखांबांवर दिसतात जोडीदार हरवलेले एकेकटे बूट, कुत्र्याचा पट्टा, चिखलाने कडक झालेली टोपरी. हरवलेली वस्तू उंचावर ठेवावी, म्हणजे शोधणाऱ्याला वाकावे लागत नाही, असे आई म्हणायची. ती लाल टोपीही तिनेच विणलेली होती, जाण्याच्या आधीच्या हिवाळ्यात.

क्लेम दारापाशी उलट्या बादलीवर बसला होता, गळ्यात दुर्बीण.

"काय गं रोना, समुद्राकाठी राहून पार पांढरी पडलीस! तिकडं ऊन विकत मिळतं वाटतं?"

"तुझं दार अजून किंचाळतं का, क्लेम?"

"बायको गेल्यापासून तेवढंच तर माझ्याशी बोलतं. तेल घालून त्यालाही गप्प करू होय?" मग बाबांकडे वळून म्हणाला, "ड्युगल्ड, यंदा आत आडवा झालास ना, तर तुझी बाग मी वाइनवाल्यांना फुकून टाकीन."

"फूक की. आधी माझं शिडीचं देणं दे. दोन उन्हाळे झाले नेऊन."

"ती मोडली."

"कशी मोडेल? मी चढलो नव्हतो तिच्यावर."

दोघे हसले. मला हसू आले नाही. ट्रक तिथेच ठेवून आम्ही पाटाच्या काठाने चालत वरच्या तोंडापर्यंत आलो. पाटात गेल्या शरदातली पॉप्लरची पाने घोट्याएवढी साठली होती. बाबांनी डोक्यावरचा दिवा लावला, टोपी माझ्या हातात दिली, आणि घरातल्या दारातून वाकून जावे तसे ते आत गेले. मी टेकाड ओलांडून खालच्या तोंडापाशी उतरले.

बोगद्याच्या तोंडातून येणारा गारवा प्रथम घोट्यांना लागतो, मग गुडघ्यांना, आणि माणूस मागे सरला नाही तर हळूहळू वर चढत राहतो. मी मागे सरले. खांबाला टेकून उभी राहिले. आतून बाबांची शीळ ऐकू येत होती, कसलाही सूर नसलेली, किटलीच्या झाकणातून वाफ निसटावी तशी. शीळ म्हणजे सगळे ठीक. ती दगडांतून गाळून येत होती. कधी जवळ, कधी दूर, कधी जणू माझ्याच पायांखालून. उन्हात थाइमची झुडपे तापून उग्र वास सोडत होती. दूर पायवाटेवर एक सायकल चमकली आणि वळणाआड गेली.

मग शीळ थांबली.

माणूस श्वास घ्यायला थांबतो. काही अडले असेल तर वाकतो, उचलतो, पुन्हा शीळ घालतो. मी मनाशी हे सगळे त्यांच्या वतीने करून पाहिले. थांबले, वाकले, उचलले. शीळ परत आली नाही. मी हाक मारली. माझाच आवाज आतून परतला, पण थोडा मोठा होऊन, जणू आत कुणीतरी माझ्या वयाची बाई उभी होती आणि तीही कुणालातरी हाक मारत होती.

इथून हात हलवले तर क्लेमला सगळे ठीक आहे असेच वाटले असते; त्याला बोलवायचे तर टेकाड चढून पाटाने पुन्हा दारापर्यंत जायला हवे. तेवढ्यात आत काहीही झाले असते. आत कुणी असेपर्यंत टोपी खांबावर जाता कामा नये, आणि ती आतही नेता कामा नये. मी ती खांबाच्या पायथ्याशी ठेवली, वर एक दगड ठेवला, फोनचा दिवा लावला. उभ्या आयुष्यात मी त्या तोंडातून एक पाऊलही आत टाकले नव्हते.

आतली हवा जुनी होती. भिंतींवर टिकावांचे घाव अजून ताजे दिसत होते. एकामागून एक, तिरपे, कुणी भिंतीवर मोजत बसावे तसे. छत इतके खाली की मान वाकवावी लागे. वाकलेल्या माणसाला फक्त स्वतःचे पाय दिसतात, आणि माझे पाय मला दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते. एका वळणानंतर मागचा उजेड मिटला. पुढे काहीच नव्हते. माझ्या दिव्यात चमकणारी धूळ, आणि माझा श्वास, जो भिंती माझ्या आधी घेत होत्या.

"बाबा?"

"ओरडू नकोस. छत ऐकतं."

ते कुशीवर पडले होते. जुना लाकडी टेकू कुजून निखळला होता आणि त्याच्याबरोबर आलेला एक चपटा शिळाखंड त्यांच्या उजव्या पायावर आडवा बसला होता. डोक्यावरचा दिवा फुटला होता. अंधारात ते किती वेळ असे पडून होते, हे मी विचारले नाही.

"टोपी कुठंय?" त्यांनी पहिला प्रश्न केला.

"खांबापाशी. दगडाखाली."

"डोक्यावर घालून तर नाही ना आलीस?"

"नाही रे बाबा!"

"मग ठीक. मग घाई नाही."

टेकूचा तुकडा दगडाखाली सरकवून मी जोर लावला. लाकूड ब्रेडसारखे तुटले. हातांनी उचलायला गेले तर माझीच नखे मोडली. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण ते नेहमीसारखे कुरकुरत होते: अशी नको ओढूस, कंबर वापर, शहरात काय शिकवतात तुम्हाला. मी म्हटले, क्लेमला आणते, ट्रकमधला जॅक आणते. ते म्हणाले, "आण. सावकाश आण. चहा प्यायला थांबलात तरी चालेल."

आणि तेव्हाच तो आवाज आला.

आधी मला वाटले, दगडच कण्हला. मग तो लांबत गेला, उंच होत गेला. लोखंडावर लोखंड घासत वर जाण्याचा तो आवाज कोरड्या पाटातून वाहत, वळणे घेत, बोगद्यात शिरला आणि आमच्या अंगावरून निघून गेला. दार किंचाळले होते. लहानपणी हाच आवाज ऐकून आम्ही मुले टाळ्या वाजवायचो.

मी दिवा बाबांकडे वळवला, आणि वळवायला नको होता. त्या चेहऱ्यावर मी आजवर राग पाहिला होता, आईच्या अंत्यविधीला एक दगडी शांतता पाहिली होती. भीती मात्र कधीच नाही. ती त्यांच्या तोंडावर परक्या माणसासारखी उभी होती. कुठे बसावे हे तिला कळत नव्हते.

"क्लेम असं करायचा नाही," ते हलकेच म्हणाले. "टोपी दिसल्याशिवाय करायचा नाही."

"मी दगड ठेवला होता. बाबा, खरंच ठेवला होता मी."

"ठेवला असशील. ऐक. कोरड्या पाटात पाणी म्हाताऱ्यासारखं चालतं. आधी माती पितं, भेगा पितं, मग पुढं सरकतं. तू त्याच्या आधी पोचशील."

"कुठं?"

"वरच्या तोंडाशी. अडव त्याला."

"कशानं अडवू?"

"ताडपत्री…" ते थांबले. "ताडपत्री ट्रकमध्ये. ट्रक क्लेमपाशी." डोळे मिटून त्यांनी क्षणभर विचार केला. "मग कशानंही. तू माझी मुलगी आहेस ना? आजोबा बागेत कापडाचा बांध कसा घालायचे, ते पाहिलंयस तू. जा."

"तुला सोडून?"

"इथं बसलीस तर क्लेमला दोन खड्डे खणावे लागतील. आणि तो आळशी आहे, माहितीय तुला."

मी उठले. त्यांनी माझी बाही धरली. मग जे मागितले ते त्यांनी माझ्याकडे न पाहता मागितले, भिंतीकडे पाहत.

"दिवा ठेवशील?"

मी फोन त्यांच्या हातात दिला.

बाबांना आणि त्या दगडाला ओलांडून पुढे जायला जागा नव्हती, म्हणून परतीची वाट मी अंधारात चालले. चालले म्हणणे खरे नाही. एक हात भिंतीवर, एक डोक्यावर, मी त्या दगडी घशातून ढकलली जात होते. मागे बाबांचा उजेड लहान होत गेला आणि वळणावर विझला. त्यानंतर डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे समजेना. टिकावाचा प्रत्येक घाव बोटांखालून जात होता आणि माझा कान माझ्या पाठीवर आला होता: पाणी आले का? हे पाणी आहे की माझे रक्त? एका क्षणी मला खात्रीच वाटली की मी वळण चुकले आहे आणि डोंगराच्या आत, आणखी आत चालले आहे, जिथे खणणे कधी थांबलेच नव्हते. मग बोटांना ऊब लागली. मग दिवस दिसला, एवढासा, नाण्याएवढा.

बाहेर आले. टोपी खांबावर होती.

नुसती होती असे नव्हे. झटकून, नीट ओढून बसवलेली होती. कडा दुमडलेली, आईने घातलेली वीण रस्त्याकडे वळवलेली. खांबाशेजारच्या दगडावर सायकलवाली एक उंच, करड्या केसांची बाई सफरचंद खात बसली होती. मला पाहून तिने प्रसन्नपणे हात हलवला.

"तुमची का टोपी? खाली पडली होती, दगडाखाली सापडली बिचारी. सुरेख विणलीय हो! म्हटलं, मालक परत येईल तर त्याला दिसू दे."

मी झडप घालून टोपी काढली, पलीकडच्या बांधाच्या दिशेने हलवली, ओरडले. क्लेम दिसत होता. वीतभर उंचीचा, पाठमोरा. दार उचलले की तो नेहमी ओढ्याकडे वळतो आणि जाळीत अडकलेला कचरा काढतो. त्याचे काम झाले होते. ज्या खुणेसाठी त्याने सकाळभर डोळे रोखले होते ती मिळाली होती. आता त्या खांबाकडे पाहण्याचे त्याला काही कारण उरले नव्हते.

"माझे वडील आत आहेत," मी म्हटले. "पाय अडकलाय. ही टोपी म्हणजे पाणी सोडायची खूण."

सफरचंद तिच्या हातातून पडले. तिने काही विचारले नाही, क्षमाही मागितली नाही. त्या दोन्ही गोष्टींना लागणारा श्वास तिने राखून ठेवला. "काय हवंय?" एवढेच म्हणाली.

सायकलच्या मागे तंबू बांधलेला होता. "ही सायकल हवीय," मी म्हटले. "आणि तंबूखाली अंथरायचं कापड."

आम्ही दोघींनी सायकल टेकाडावर चढवली. तिचे नाव जॉसलिन, ती नेल्सनची, हे मला नंतर समजले. चढताना ती फक्त तिचा घरघरणारा श्वास होती आणि हँडलवर माझ्या हाताशेजारचा एक हात. टेकाडाच्या माथ्यावर मी थांबले, कारण तो आवाज ऐकू आला.

तो पाण्याचा आवाज नव्हता. पानांचा होता. कोरडी, कुरकुरीत पाने कुणीतरी सावकाश ढकलत आणत होते. घाई न करता, काही न चुकवता, झाडूवाल्याच्या संयमाने. पाटाच्या लांबच्या वळणावर ती दिसली: पानांची तपकिरी रांग, तिच्यात थाइमच्या काटक्या, मेंढ्यांच्या लेंड्या, घाणेरडा फेस, आणि त्या साऱ्याला मागून लोटणारी, ऊन लागले की चमकणारी एक चपटी जीभ. ती थांबायची. भेग प्यायची. पुन्हा पुढे व्हायची. माझ्या आयुष्यात मी इतके सभ्य आणि इतके भयंकर काही पाहिलेले नाही.

बोगद्याच्या वरच्या तोंडाआधी पाट अरुंद होतो. तिथे आम्ही सायकल आडवी घातली, चाके दोन्ही काठांत रुतवली. कापड तिच्यावर पाण्याच्या बाजूने सोडले, खालची कडा पाटाच्या तळाशी पसरली आणि तिच्यावर दगड रचू लागलो. सोने शोधणाऱ्यांनी निवडून टाकून दिलेल्या गोल गोट्यांचे ढीग काठावर पडलेलेच होते. आजोबा म्हणायचे, कापड धरतं ते पाण्याच्याच वजनानं. तू फक्त त्याचा पाय धर. मी पाय धरत होते. गोटे, मातीची ढेकळे, गवताची मुळे. जॉसलिनचे हात रक्ताळले होते. पानांची रांग येऊन कापडाला टेकली आणि क्षणभर सगळे शांत झाले, जणू तिने दार वाजवले होते आणि उत्तराची वाट पाहत होती.

मग पाणी चढू लागले. कापड पोटासारखे फुगले. सायकल करकरली, एक चाक काठातून निसटू लागले. जॉसलिन सरळ पाटात, सायकलच्या मागे उतरली आणि पाठ लावून बसली. पाय समोरच्या दगडाला, डोके खाली.

"जातंय का खालून?" तिने विचारले.

जात होते. कडेखालून एक पातळ, थंड धार सुटली होती आणि तिच्या बुटांवरून, कुणाचे लक्ष नाही अशा बेताने, बोगद्यात शिरत होती. मी तिथे गवत कोंबले, माती कोंबली, शेवटी आईची टोपी कोंबली. धार बारीक झाली. थांबली नाही.

"वरून सांडेल आता!"

"सांडू दे. सांडायलाच हवं."

काठ ओलांडून पाणी उताराला लागले. खाली नव्या द्राक्षमळ्याच्या रांगा होत्या. कोवळ्या वेलींना पांढऱ्या नळकांड्या घातलेल्या, स्मशानातल्या खुणांसारख्या. तपकिरी पाणी त्यांच्यामधून वाट काढत गेले. उतारावर ती ओली रेघ उन्हात लखलखली, आणि ते लखलखणे मी कधीही विसरणार नाही, कारण पाटकरी खांबाकडे पाठ करील, पण फुटलेल्या पाटाकडे करणार नाही. पलीकडून क्लेमची अस्पष्ट शिवी ऐकू आली. मग दार पुन्हा किंचाळले; या वेळी वरून खाली.

तरीही दारापासून इथपर्यंतचे पाणी यायचेच होते. ते आले. जॉसलिन पाठ लावून बसून राहिली, ओठ निळे, डोळे मिटलेले. "जा," ती म्हणाली. "तुम्ही आत जा. मी हलणार नाही."

आत जाताना पाणी घोट्यांशी होते, मग पोटऱ्यांशी. दिवा नव्हता. पुढे उजेड दिसायला हवा होता, दिसत नव्हता. मी हाक मारली आणि तीच बाई पलीकडून हाक मारती झाली. बाबा कुशीवर पडलेले होते. आडव्या माणसाला बुडायला किती पाणी लागते? हा प्रश्न मी टाळला, तो परत आला. माझ्या प्रत्येक पावलाच्या छपछपीत तो होता. गुडघा कशावर तरी आदळला.

मी खाली वाकून चाचपले. आणि मग, अगदी माझ्या हाताखालून, ती शीळ. सूर नसलेली, ओली.

"दिवा बुडाला," बाबा म्हणाले. "फोन नवा होता का?"

एका कोपरावर उठून, मान वाकडी करून, त्यांनी तोंड पाण्याबाहेर धरले होते. पाणी हनुवटीशी होते. मी त्यांच्या मागे बसले, त्यांचे डोके छातीशी घेतले आणि तसेच वर धरून ठेवले. तिथे, त्या काळोखात, त्यांचे सारे शरीर थरथरत होते आणि आम्ही दोघेही ते थंडीमुळे आहे असे धरून चाललो. पाणी चढले नाही, हे मला फार उशिरा उमगले. मग क्लेमचा कंदील आला, मागोमाग त्याची पहार आणि त्याचे रडणे. पहारीखाली दगड हलला.

खालच्या तोंडापाशी, उन्हात, आम्ही बाबांना खांबाला टेकवून बसवले. पाय नको तिथे वळला होता. क्लेम आमचा ट्रक आणायला निघाला आणि दोन पावलांवरून परत आला.

"मी पाहिली, ड्युगल्ड. दुर्बिणीतून पाहिली. चढलेली होती टोपी. आईशप्पथ चढलेली होती." त्याचे म्हातारे हात एकमेकांना धरून राहिले होते. "तुला मारलं असतं रे मी."

जॉसलिन थोडी दूर उभी होती, पाणी निथळत, शेजारी वाकडे चाक झालेली सायकल. तिने तोंड उघडले. "ती टोपी…"

"वारा होता," मी म्हटले. "वाऱ्यानं उडाली."

बाबांनी मान वर केली. ओढ्याकाठच्या पॉप्लरची एक फांदीही हलत नव्हती. त्यांनी खांबाकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग त्या ओल्या, परक्या बाईच्या रक्ताळलेल्या हातांकडे. सावकाश, पाटाची पाहणी करावी तसे.

"वारा," ते म्हणाले. "मोठा चांगल्या वळणाचा वारा म्हणायचा. दगड बाजूला करतो, टोपी झटकतो, खांबावर चढवतो." आणि जॉसलिनला म्हणाले, "बाई, तुम्ही जर्दाळूचा मुरंबा खाता का? घरी बरण्या पडून आहेत. माझी मुलगी नेत नाही."

ती रडू लागली. बाबांनी संकोचून दुसरीकडे पाहिले.

क्लेमच्या ट्रकमागून मी बाबांना आमच्या ट्रकमध्ये घेऊन दवाखान्याकडे निघाले. उतारावर तो हातमोजा होता. सकाळी त्यांनीच चढवलेला, तळहात रस्त्याकडे, थांब म्हणणाऱ्या मुलासारखा. शेजारी बाबा डोळे मिटून होते. मी गाडी हळू केली. त्या मोज्याखाली, पलीकडे, दरीच्या पोटात कुणीतरी असेल. कुणीतरी दूरवरून, खूण समजून, त्या मोज्याकडेच पाहत असेल. मी काच खाली केली आणि कोरड्या पानांचा आवाज येतो का, ते ऐकत राहिले.

"चल," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "काही येत नाहीये."

पण त्यांनीही त्यांच्या बाजूची काच उघडलेली होती.